गाडी मिस मारते तेव्हा : एका निदानाचा सव्वाशे वर्षांचा इतिहास आणि आपला गावचा मिस्तरी

आज थेट राजकारणावर लिहीत नाही. शेवटी तिथं येणारच आहे, पण सुरुवात गाडीच्या बॉनेटखालून करतो. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

"गाडी मिस मारायलीय" हे वाक्य दिंद्रुड, तेलगाव, माजलगाव या पट्ट्यात रोज कुठल्या ना कुठल्या गॅरेजसमोर ऐकू येतं. गाडी उभी असताना थरथरते, आरसा हलतो, गिअरचा दांडा हातात कापतो. चढाला उचल खात नाही. सायलेन्सरमधून एकसारखा आवाज यायच्या ऐवजी फट-फट-फुस असा तुटका आवाज येतो आणि कच्च्या पेट्रोलचा वास सुटतो. आपण म्हणतो, गाडी जुनी झाली. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चार सिलिंडरपैकी एकानं काम बंद केलेलं असतं.

चौघांनी बाज उचलावी आणि त्यातल्या एकानं चालता चालता हात काढून घ्यावा, तसा हा प्रकार. बाज पडत नाही, पण हेलकावे खाते आणि उरलेल्या तिघांच्या खांद्यावर भार येतो. आकड्यात सांगायचं तर चार सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ८०० फेरे मारत असेल, तर आत मिनिटाला १६०० स्फोट व्हायला पाहिजेत. एक सिलिंडर गेला की ते १२०० वर येतात, आणि रिकामी गेलेली प्रत्येक पाळी आपल्याला धक्का म्हणून जाणवते.

आता प्रश्न असा, की चारपैकी नेमका कोणता सिलिंडर मेलाय आणि कशानं मेलाय, हे ओळखायचं कसं? या एका प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. तो वाचताना मला एक गोष्ट दिसली. शोधायची रीत जवळपास तीच राहिली, पण ती कुणाच्या हातात आहे हे पिढीगणिक बदलत गेलं. आज ती आपल्या हातातून निसटायलीय. म्हणून हे लिहितोय.

पेट्रोल इंजिनाला जिवंत राहायला तीन गोष्टी लागतात. हवा आणि पेट्रोल यांचं बरोबर मिश्रण, ते मिश्रण दाबून धरणारा बंद सिलिंडर, आणि नेमक्या वेळी ठिणगी. तिन्हीपैकी एक चुकली की मिस. जर्मनीत निकोलाउस ओटो यांनी १८७६ साली चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं, १८८६ साली कार्ल बेंझ यांनी मोटारीचं पेटंट घेतलं. मिश्रण आणि दाब यांचं गणित हळूहळू बसत गेलं, पण ठिणगीनं पहिल्या पिढीला फार छळलं. १९०२ साली बॉश यांच्या कारखान्यातले इंजिनिअर गोटलोब होनोल्ड यांनी जास्त दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार केला, तेव्हा कुठं मोटार भरवशाची झाली.

पण भरवशाची झाली म्हणजे मिस मारायची थांबली असं नाही. १९०८ साली अमेरिकेत फोर्डची मॉडेल टी आली. १९२७ पर्यंत ती दीड कोटीच्या वर बनली आणि तिथल्या शेतकऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. या गाडीत ड्रायव्हरसमोर लाकडी डबीत चार कॉइल असायच्या, सिलिंडरमागं एक. प्रत्येक कॉइलवर पोलादाची एक छोटी पट्टी माशीसारखी गुणगुणायची. गाडी मिस मारायला लागली की शेतकरी डबी उघडायचा आणि इंजिन चालू ठेवून एकेका पट्टीवर बोट दाबून ती बंद करायचा. बोट दाबल्यावर इंजिन आणखी लंगडलं, तर तो सिलिंडर चांगला होता. काहीच फरक पडला नाही, तर मेलेला सिलिंडर सापडला.

या बोटाच्या खेळात सगळं निदानशास्त्र आलं. जो काम करतोय त्याला थांबवलं की फरक पडतो, जो करतच नाही त्याला थांबवून काही होत नाही. ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत ही चाचणी लावून बघायला हरकत नाही, पण ते असो. महत्त्वाचं हे, की ही रीत कंपनीनं गाडीच्या मालकाला सांगितली होती. चाचणी करायला त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती.

आता आपल्याकडं येऊ. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. परळीकडचा भाग सोडला तर रेल्वेचं आणि आपलं फारसं जमलं नाही. बीड शहरातून रेल्वे सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ ला. म्हणजे मधली सगळी वर्षं या जिल्ह्याचा माणूस, कापूस, ऊस, पेशंट आणि नवरदेव रस्त्यावरच्या इंजिनानं वाहिला. निजाम स्टेट रेल्वेनं १९३२ साली २७ बस आणि १६६ माणसं घेऊन स्वतःचं रस्ते वाहतुकीचं खातं सुरू केलं. तिकडं मुंबई राज्यात १ जून १९४८ ला पुणे ते नगर पहिली एसटी धावली. जिथं रेल्वे नाही तिथं बसचं इंजिन मिस मारणं ही किरकोळ गोष्ट नसते.

तरी मला वाटतं, आपल्या बापजाद्यांनी इंजिन ऐकायला मोटारीवर शिकलं नाही, विहिरीवर शिकलं. विहिरीवरचं डिझेल इंजिन एका सिलिंडरचं. त्याचा ठोका अर्ध्या शिवारात ऐकू जायचा. ठोका चुकला की बांधावर जेवायला बसलेला माणूस भाकरी खाली ठेवून म्हणायचा, "इंजिन हवा धरायलंय." न बघता, नुसत्या आवाजावरून. हेच कान घेऊन आपली पोरं पुढं गॅरेजात गेली.

त्याच काळात मुंबईत मोटारी बनायला लागल्या होत्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. १९६४ पासून तिथं फियाट ११०० डिलाइट बनायला लागली, तीच पुढं प्रीमियर पद्मिनी म्हणून ओळखली गेली. १०८९ सीसी, चार सिलिंडर, सगळं उघडं आणि हाताला लागणारं. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत जीप जोडायला घेतली होती आणि मराठवाड्याच्या रस्त्यांवर खरं राज्य केलं ते जीपनंच. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तीन सिलिंडरची. तिच्यात एक सिलिंडर मेला की तिसरा हिस्सा ताकद गेली, त्यामुळं ती फारच वाईट थरथरायची.

या गाड्यांनी मिस्तरींची एक पिढी घडवली. १९५० साली देशात आयटीआयची प्रशिक्षण योजना सुरू झाली, पण गावोगावचे बहुतेक मिस्तरी त्या दारातून आलेले नव्हते. दहा-बारा वर्षांचं पोर उस्तादाच्या हाताखाली पाने द्यायला राहायचं. आधी पाना ओळखायचा, मग चाक खोलायचं, मग प्लग साफ करायचे, आणि कित्येक वर्षांनी उस्ताद म्हणायचा, "आता तू कान लाव."

त्यांची रीत काय होती? इंजिन चालू ठेवायचं. प्लगच्या वायरची टोपी एकेक करून काढायची. काढल्यावर इंजिन बसलं तर तो सिलिंडर बरा. काही फरक नाही तर हाच चोर. म्हणजे मॉडेल टीच्या शेतकऱ्याचं बोट इथं वायरवर आलं. डिझेल जीप असेल तर प्लग नसतात, तिथं नोझलकडं जाणाऱ्या पाइपचा नट अर्धा फेरा ढिला करायचा. डिझेल बाहेर फसफसलं आणि इंजिन लंगडलं, तर तो सिलिंडर ठीक. माणूस वेगळा, देश वेगळा, इंधन वेगळं, तरी प्रश्न तोच.

चोर सापडला की दुसरा प्रश्न, कशानं? प्लग काढून उजेडात धरायचा. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त येतंय किंवा ठिणगी कमजोर आहे. ओलसर आणि तेलकट असेल तर ऑइल वर चढतंय, रिंगा झिजल्या. पांढरा फट्ट आणि भाजलेला असेल तर मिश्रण पातळ आहे, सिलिंडर तापतोय. विटकरी-तपकिरी असेल तर प्लग म्हणतोय, माझं काही दुखत नाही, दुसरीकडं बघा. मग डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडायची. पावसाळ्यात आत दमटपणा धरतो आणि ठिणगी भलतीकडंच पळते, तेव्हा फडक्यानं पुसून कोरडी केली तरी गाडी पळायची. पॉइंट जळाले असतील तर पॉलिश पेपरनं घासायचे, गॅप लावायचा. कंडेन्सर बदलायचा.

एवढं करून भागलं नाही तर दाब बघायचा. प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावून स्टार्टर मारायचा. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १५० ते १८० पीएसआय दाब मिळतो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ पाहिजेत. तिघांचा १६० आणि एकाचा ९० आला तर दुखणं आतलं आहे. आता त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर रिंगा गेल्या, कारण ऑइलनं थोडा वेळ ती फट बुजवली. वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. एका चमचाभर ऑइलनं मिस्तरी सांगायचा की काम पिस्टनपर्यंत जाणार, का हेडवरच भागणार. गिऱ्हाइकाच्या खिशाला या उत्तरात मोठा फरक पडतो.

गेज नसलेले मिस्तरीही होते. ते भोकावर अंगठा धरायचे. शास्त्र तेच, आकडा फक्त अंगठ्यात.

या जुन्या काळाचं मी नुसतं कौतुक करणार नाही. अंदाजानं इंजिन खोलणारे, एका गाडीचं बिघडवून दुसरीचं जोडणारे उस्तादही भरपूर होते. विद्या तोंडी होती, लिहिलेली नव्हती, त्यामुळं उस्ताद गेला की त्याच्याबरोबर गेली. आणि कार्ब्युरेटर-पॉइंटच्या गाड्या धूर फार ओकायच्या. आपल्या पेट्रोलमध्ये तेव्हा शिसं असायचं. ते प्लगवरही बसायचं आणि रस्त्याकडेला खेळणाऱ्या पोरांच्या रक्तातही जायचं. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलंच पेट्रोल मिळायला लागलं, ही फार मोठी गोष्ट झाली.

इथून कथा बदलते, आणि बदलाचं मूळ गाडीत नाही, हवेत आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या हवेत धुराचं मळभ साचायला लागलं, म्हणून कॅलिफोर्निया राज्यानं गाड्यांवर कडक नियम लावले. सायलेन्सरच्या वाटेत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसले. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम असल्या महाग धातूंचा लेप, आणि त्यावरून जाताना विषारी वायूचं रूपांतर होतं. आपल्याकडं १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना ते लागू झालं.

या कन्व्हर्टरचा मोठा शत्रू म्हणजे मिस. मेलेल्या सिलिंडरमधलं न जळालेलं पेट्रोल तसंच पुढं जातं आणि कन्व्हर्टरमध्ये पेटतं. तापमान फार वाढलं की जाळी वितळायला लागते. म्हणजे एका प्लगच्या दुखण्यापायी हजारो रुपयांचा भाग जातो आणि वर धूर मोकाट सुटतो. म्हणून नियम करणाऱ्यांनी ठरवलं की मिस ड्रायव्हरला जाणवण्याआधी गाडीनं स्वतः ओळखली पाहिजे. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या मोटारींत ओबीडी-दोन ही व्यवस्था सक्तीची झाली. आपल्याकडं भारत स्टेज चार २०१० साली आधी १३ शहरांत आलं. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर त्यात होती, बीड नव्हतं. १ एप्रिल २०१३ पासून त्यात ओबीडी-दोन आलं, १ एप्रिल २०१७ ला स्टेज चार देशभर लागू झालं आणि १ एप्रिल २०२० ला स्टेज सहा. तुमची गाडी या काळातली असेल तर स्टिअरिंगखाली १६ पिनांचं एक सॉकेट आहे. बघा हात घालून.

गाडी मिस कशी ओळखते, हे कळलं तेव्हा मला खरंच मजा वाटली. इंजिनाच्या क्रँकवर दात असलेलं एक चाक असतं. बऱ्याच गाड्यांत ६० दातांची जागा आणि त्यातले दोन मुद्दाम काढलेले. शेजारचा सेन्सर दात मोजत बसतो. सिलिंडर पेटला की क्रँकला झटका मिळतो आणि दात क्षणभर वेगात जातात. पाळी रिकामी गेली की दात किंचित रेंगाळतात. कोणाच्या पाळीला रेंगाळले यावरून कॉम्प्युटर सांगतो, दोन नंबर. म्हणजे बांधावर भाकरी खाली ठेवणारा माणूस जे कानानं करायचा, तेच हे चाक करतंय. फक्त ते थकत नाही आणि विसरत नाही.

मग तो एक कोड लिहून ठेवतो. पी०३०१ म्हणजे एक नंबर सिलिंडर मिस, पी०३०२ म्हणजे दोन नंबर, असं पुढं. पी०३०० म्हणजे मिस एका जागी नाही, फिरती आहे. डॅशबोर्डवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटतं. ते स्थिर असेल तर गाडी लवकर दाखवून घ्या. ते लुकलुकत असेल तर पाय हलका करा, सोयीची जागा बघून गाडी थांबवा आणि तशीच दामटू नका, कारण त्या वेळी कन्व्हर्टर जळत असतो.

पण इथंच एक घोटाळा होतो. कोड सांगतो कुठं. कशानं, ते सांगत नाही. पी०३०२ चं कारण प्लग असेल, कॉइल असेल, इंजेक्टर असेल, जळालेला व्हॉल्व्ह असेल, हवा ओढणारा फाटका पाइप असेल. आपल्याकडं तर कडबा किंवा धान्याशेजारी गाडी लावली की उंदीर वायर कुरतडतो, हेही एक पक्कं कारण. डॉक्टरनं "पोटात दुखतंय" एवढं लिहून दिलं म्हणून कुणी ऑपरेशन करून घेत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो.

माझ्या पाहण्यातलं सांगतो. नात्यातल्या एकांची पेट्रोल गाडी थरथरायला लागली. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. स्कॅनर लावला, दोन नंबरचा कोड आला. अंदाजपत्रक निघालं: चारही कॉइल, चारही प्लग, चारही इंजेक्टर. आकडा ऐकून त्यांनी गाडी हळूहळू परत आणली. आपल्या भागातल्या एका मिस्तरीनं त्याच्याकडचा साधा स्कॅनर लावला, दोन नंबरची कॉइल काढून तीन नंबरवर टाकली आणि तीनची दोनवर. कोड पुसला, चक्कर मारून आणली. नवा कोड आला पी०३०३. मिस कॉइलबरोबर चालत तीन नंबरवर गेली. म्हणजे दुखणं कॉइलचंच, सिलिंडरचं नाही. एक कॉइल बदलली, गाडी सरळ झाली. तास-दीड तासाचं काम आणि एका कॉइलचा खर्च.

त्या मिस्तरीनं नवीन काय केलं? काहीच नाही. मॉडेल टीच्या शेतकऱ्याचंच काम केलं. एक गोष्ट बदल, बाकी तशीच ठेव, काय होतं ते बघ. स्कॅनर त्याच्या हातात होता आणि जुनी रीत त्याच्या डोक्यात होती. दोन्ही एका माणसाकडं असलं की निदान होतं. नुसता स्कॅनर असेल तर भाग बदलले जातात, नुसता कान असेल तर नवी गाडी उघडतच नाही. (एक सावधगिरी: नव्या गाडीत चालू इंजिनावर कॉइल किंवा प्लगची टोपी उपटू नका. तिथं हजारो व्होल्ट खेळतात, माणसालाही धोका आणि कॉम्प्युटरलाही. बंद करून अदलाबदल करायची.)

आता येतो सार्वजनिक प्रश्नावर.

साधे कोड स्वस्त स्कॅनरवर वाचता येतात, कारण ओबीडीची ती भाषा कायद्यानं एकसारखी केली. पण त्याच्या पलीकडचं पुष्कळ काही कंपनीच्या स्वतःच्या कुलपात असतं. इंजेक्टर बदलल्यावर त्याची नोंद कॉम्प्युटरला द्यायची असते, काही चाचण्या कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवाय होत नाहीत, वायरिंगचे नकाशे मिळत नाहीत. २०११ साली एका ग्राहकानं याच गोष्टीवर भारतीय स्पर्धा आयोगाकडं तक्रार केली. सुटे भाग आणि निदानाची साधनं बाहेरच्या गॅरेजला मिळत नाहीत, त्यामुळं गिऱ्हाईक कंपनीच्या वर्कशॉपला बांधलं जातं, अशी ती तक्रार. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. बाहेरच्या मिस्तरींना सुटे भाग आणि निदानाची साधनं उपलब्ध करून द्या, आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून वॉरंटी नाकारू नका, असंही बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणानं तीन कंपन्यांच्या बाबतीत दोष कायम ठेवला, दंडाचा हिशेब मात्र बदलून कमी केला.

याच सुमारास अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, नोव्हेंबर २०१२ मध्ये, लोकांनी चक्क मतदान करून ठरवलं की कंपनीच्या वर्कशॉपला जी माहिती मिळते ती कुठल्याही गॅरेजला मिळाली पाहिजे. आपल्या केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. मोबाइल, घरातली यंत्रं, शेतीची अवजारं आणि मोटारी असे चार विषय तिच्यासमोर ठेवले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक पोर्टलही सुरू झालं. म्हणजे दिल्लीत विषय पोचला आहे. दिंद्रुडच्या गॅरेजपर्यंत तो आला आहे का, हे तुम्ही तुमच्या मिस्तरीला विचारा.

आणखी एक विषय, जो आपल्या उसाशी थेट जोडलेला आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आहे. आपल्याच शिवारातला ऊस फिरून आपल्याच टाकीत येतोय, शेतकरी म्हणून त्याचं मला वाईट वाटत नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीत पाणी वाढलं तर ते खाली वेगळं होऊन बसतं आणि पंपानं नेमकं तेच उचललं तर गाडी मिस मारते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील इथेनॉलसाठी बनवलेले नव्हते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलं होतं, की शून्य इथेनॉलसाठी बनलेल्या आणि १० टक्क्यांवर बसवलेल्या चारचाकींचं मायलेज अंदाजे ६ ते ७ टक्के घटेल. हे सगळं खरं. तरीही आज गाडी शिंकली तरी इथेनॉलवर बोट दाखवायची जी चाल पडली आहे, तीसुद्धा न तपासता भाग बदलण्यासारखीच आहे. एकच सिलिंडर मिस मारत असेल तर इथेनॉलवर संशय कमी, कारण पेट्रोल चारही सिलिंडरला एकाच टाकीतून येतं. चारही आळीपाळीनं मिस मारत असतील, पी०३०० येत असेल, तर इंधनाकडं जरूर बघा. नमुना काचेच्या बाटलीत घेऊन ठेवा, खाली पाण्याचा थर बसतोय का बघा. शिव्या देण्याआधी एवढी तपासणी होऊ द्या. इथेनॉलचे समर्थक आणि विरोधक दोघांनाही ती लागू आहे.

मग मागायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली, तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोराला चालू स्थितीतली नवी गाडी आणि चालू स्थितीतला स्कॅनर हाताळायला मिळाला पाहिजे. जो लोकप्रतिनिधी पुढच्या वेळी आयटीआयच्या कार्यक्रमाला येईल त्याला विचारा: वर्कशॉपमधली सगळ्यात नवी गाडी कुठल्या सालची आहे? या एका प्रश्नाचं उत्तर बरंच काही सांगून जाईल.

दुसरी, जे मिस्तरी आज वीस-तीस वर्षं काम करतायत पण शाळेत फारसे गेले नाहीत, त्यांच्यासाठी मराठीतून आठ-पंधरा दिवसांचा वर्ग व्हावा. हवं तर दुपारी, काम मंदावतं तेव्हा. कोडचा अर्थ मराठीत, वायरिंगचा नकाशा वाचायचा कसा हे मराठीत. कान त्यांच्याकडं आहे, कागद आपण द्यायचाय. आणि उलटंही व्हावं, आयटीआयच्या पोरांना त्याच मिस्तरींनी कान लावायला शिकवावं.

तिसरी, आपली, गिऱ्हाइकांची. गाडी दाखवताना "काय बदलायचं?" हे पहिलं विचारू नका. "कोणता सिलिंडर, आणि तुम्हाला कशावरून कळलं?" हे विचारा. चांगला मिस्तरी या प्रश्नावर खूश होतो आणि हातात प्लग घेऊन दाखवतो. शोधायला लागलेल्या वेळाचे पैसेही त्याला द्या. आपण कॉइलचे पैसे मुकाट देतो आणि ती शोधून काढणाऱ्याशी शंभर रुपयांवरून घासाघीस करतो. मग तोही भाग बदलूनच पैसे मिळवायला शिकतो. त्यात सगळा दोष त्याचा नसतो.

या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. रात्री-अपरात्री कुणाची पिकअप, कुणाची जीप घाटात लंगडायला लागते, आत बायका-पोरं असतात, कधी बाळंतीण असते. तिथं कंपनीचं वर्कशॉप नसतं. दहा-पंधरा किलोमीटरवर असलाच तर एखादा मिस्तरी असतो, कंदिलाच्या जागी मोबाइलचा उजेड धरून बसलेला. त्याला त्या गाडीचं दुखणं वाचता येतंय का नाही, हा प्रश्न बॉनेटखालचा दिसतो, पण तो सार्वजनिक आरोग्यकेंद्रात औषध आहे का नाही याच रांगेतला आहे.

आपल्या गावातल्या ज्या मिस्तरीनं तुमची गाडी भाग न बदलता, शोधून नीट केली असेल, त्याच्याकडं पुढच्या वेळी एखादं पोर शिकायला पाठवा. आणि आयटीआयचा तो प्रश्न विचारायला विसरू नका.